खुरांचा बांध

मेंढरांनी अपेक्षाची रेघ खाल्ली, ही बातमी मेंढरं रवंथ करायला बसायच्या आत सगळ्या धुळवाडीत पसरली.

पसरणारच की! रेघ काय साधीसुधी होती? गायरानाच्या उतारावर, ओघळीच्या या काठापासून पार त्या काठापर्यंत, दोनशे पावलांची, एका पातळीतली रेघ. दोन काठ्या, त्यांना बांधलेली पारदर्शक नळी, नळीत पाणी. दोन्ही काठ्यांवर पाणी सारख्या खुणेला उभं राहिलं की तिथली जमीन एका पातळीत. शनिवारची अख्खी दुपार एक काठी अपेक्षानं धरली होती, दुसरी तिच्या मैत्रिणीनं, प्रियदर्शनीनं, आणि मागून शाळेतली सात पोरं फक्कीनं खुणा करत आली होती. ऊन उतरता उतरता फक्की संपली. आता दुसऱ्या कुठल्या घरातली पोरगी असती तर तिनं चुलीतली राख आणली असती. अपेक्षा पडली मेंढपाळाच्या घरातली. ती पळत घरी गेली, कोकरांसाठी ठेवलेल्या पिंपातून गुपचूप दोन घमेली मक्याची भरड काढली आणि उरलेली रेघ पिवळीधमक ओढून टाकली. तेवढ्यावर थांबली असती तर ती अपेक्षा कसली? नमुना म्हणून पोरांनी वीस फूट चर खणला होता आणि खालच्या अंगाला मातीचा ढीग लावला होता. त्या ढिगाच्या निम्म्या भागावर तिनं भरडीनं ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'जलरक्षक'. भोवती दाट महिरपही काढली.

"पिवळी रेघ दिसंल का?" प्रियदर्शनीनं विचारलं होतं.

"न दिसायला काय झालं?"

दिसली. रविवारी सकाळी सगळ्यात आधी ती आप्पांच्या मेंढरांना दिसली.

अपेक्षा धापा टाकत वर पोचली तेव्हा सत्तर मेंढरं खांद्याला खांदा लावून, माना खाली घालून, उतारावर एका ओळीत उभी होती. शाळेच्या कवायतीत कधी अशी ओळ लागली नव्हती. ढिगावर तर नुसती दाटी. 'जलरक्षक'मधला 'ज' गेला होता, 'ल' गेला होता आणि 'क्ष'वर एक काळं कोकरू आडवं पडून चाटत होतं.

खाली दगडावर आप्पा बसले होते. आप्पासो, तिचे आजोबा. बाहत्तरी ओलांडलेले, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, गुडघ्यात काठी. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि नजर मेंढरांवर नेली. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते काही बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण आप्पा गेले पाच दिवस तिच्याशी बोलत नव्हते.

वाटेनं मोटारसायकलवरून चाललेला ऋषिराज थांबला. "काय गं जलरक्षक, रेघंला मीठ घालायचं ऱ्हायलं व्हय? फस्त केली की!"

"तुज्या गाडीचं शीट पण मक्याचं करून घे, मग बघ," अपेक्षा ओरडली खरी, पण डोळे भरून आले होते.

पाच दिवसांपूर्वी ती अशी नव्हती. पाच दिवसांपूर्वी ग्रामसभेत तिच्या हातात माईक आला होता. आयुष्यात पहिल्यांदा. नववीपर्यंत वर्गात हजेरी देताना जिचा आवाज मागच्या बाकावर पोचत नसे, त्या पोरीनं अख्ख्या गावासमोर सांगितलं होतं की पाणी अडवायचं तर माथ्यापासून पायथ्याकडं यायचं. वर पाणी अडलं नाही तर खालचे चर पहिल्या दणक्यात वाहून जातात. आणि गावाचा माथा म्हणजे आप्पांचा माळ आणि त्याला लागून असलेलं गायरान. ओघळ तिथंच सुरू होते, पहिला मातीचा बांध तिथंच पडला पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी माणूस फुगतं. ती फुगली आणि शाळेत मिळालेल्या पाण्याच्या पुस्तिकेतलं पुढचं वाक्य तिनं घोषणेसारखं ठोकून दिलं, "शंभर टक्के चराईबंदी झालीच पाहिजे!"

मागच्या रांगेत आप्पा उठून उभे राहिले होते. त्यांनी बसायची घोंगडी उचलली, दोनदा झटकली आणि ते निघून गेले. सरपंचबाई म्हणाल्या होत्या, "माळ त्यांचा हाय पोरी. सोमवारपतोर त्यांची सही आन, मंगळवारी समदं गाव खोरं घिऊन येतंय. सही न्हाई, तर वरचं काम न्हाई."

आज रविवार होता.

आणि आजच नेमकं घरात जावळ निघालं होतं.

माधवनगरहून धनाजीतात्या जीप भरून आले होते. तात्या म्हणजे आप्पांचा धाकटा मुलगा, अपेक्षाचा चुलता. वीस वर्षं माधवनगरला कापडाच्या मागावर काम. तिथं राहून त्यांची गावाकडची भाषा निम्मी धुऊन निघाली होती, पण आप्पांसमोर मांडी घातली की धुतलेली परत रंगायची. सोबत त्यांची सून पल्लवी आणि नातू राजवर्धन, वय सव्वा वर्ष. सकाळीच बिरोबाच्या देवळात मामाच्या मांडीवर बसवून त्याचं जावळ काढलं होतं. त्याच्या तुळतुळीत डोक्यावर इतका भंडारा फासला होता की पोरगं पिवळ्या लिंबासारखं दिसत होतं. अपेक्षाचे वडील मुंबईला कामाला. सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून त्यांनी जावळ फोनवर बघितलं.

दुपारी अंगणात लिंबाखाली पंगत बसली. मटणाचा रस्सा, भाकरी, कांदा. सगळे जेवणात दंग असताना तात्यांनी नळीचं हाड ताटाच्या कडेला ठेवलं आणि हात तसाच धरून म्हणाले,

"आप्पा, मी काय म्हंतो."

"म्हन," आप्पा म्हणाले.

"आता मेंढरं द्या सोडून. गाव म्हंतंय चराईबंदी करा. आपलीच पोरगी माईकवर म्हनतीया. तुमचं गुडघं ऱ्हायलं न्हाईत. बाजारात न्हिऊन इकू आन् तुमी न् आय चला माधवनगरला. नळाला दोन टाइम पानी येतंय."

"तितं मी काय राखू? तुजं माग?" आप्पांनी भाकरी मोडली. "तुज्या मागाला पाला लागतुया का?"

पंगत हसली. तात्याही हसले, पण मागं हटले नाहीत. "चेष्टा नका करू. वैनी, तुमी तरी सांगा."

अपेक्षाला वाटलं, आई आप्पांची बाजू घेणार. आई कालवणाचं भांडं घेऊन उभी होती. तिनं पदर सारखा केला आणि भांड्यात बघत म्हणाली, "तात्या म्हनत्यात ते काय चूक न्हाई. परवा मामंजी उतारावरनं घसरलं तवा मीच आनलं उचलून. कुनाला सांगितलं न्हाई."

आप्पांनी सुनेकडं पाहिलं. रागानं नाही. घरातलं एक माणूस नकळत दुसऱ्या बाजूला जाऊन बसलंय, हे आत्ता ध्यानात आल्यासारखं.

तात्यांना जोर चढला. "आन् मेंढरं गेली की माळ मोकळाच. आपेचा बांध हुईल, चर हुतील. सही काय, आत्ता जेवून उठल्यावर करून घिऊ. काय आपे? खूश का न्हाई?"

सगळ्या पंगतीच्या माना अपेक्षाकडं वळल्या.

सही! पाच दिवस ज्या सहीसाठी ती तळमळत होती ती अशी ताटात वाढून आली होती. नुसतं 'हो' म्हणायचं. मंगळवारी गाव येईल, बांध पडेल, शाळेत नाव होईल. तिनं आप्पांकडं पाहिलं. ते तिच्या उत्तराची वाट बघत नव्हते. ते लिंबाला बांधलेल्या त्या काळ्या कोकराकडं बघत होते, ज्यानं सकाळी 'क्ष' चाटून साफ केला होता आणि आता पोट धरल्यासारखं बसलं होतं.

"न्हाई," अपेक्षा म्हणाली.

"आं?"

"खूश न्हाई मी. मेंढरं इकून बांध नको मला."

"अगं मग माईकवर काय म्हनत हुतीस?" तात्या चकित झाले. "का भाषनात येक आन् घरात येक? आत्ताच पुढारी झालीस व्हय?"

पुन्हा हशा झाला. अपेक्षाचे कान लाल झाले. तेव्हा पलीकडून पल्लवीवहिनी बोलली. पोराला मांडीवर झोपवता झोपवता, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बाबा, एक बोलू का? सांगलीला आमच्या माहेरी पूर आला तेव्हा आम्ही पाच दिवस गच्चीवर होतो. कृष्णामाई जिन्यानं वर येत होती. एकेक पायरी मोजत बसायचो आम्ही. त्यानंतर लग्न होऊन पहिल्यांदा इथं आले, तर सासूबाई म्हणाल्या, अंघोळीचं पाणी झाडाला घाल, टँकर चार दिवसांनी येतो. मला वाटलं, चेष्टाच चाललीय. तिकडं जाता जात नाही, इकडं थांबता थांबत नाही." तिनं राजवर्धनच्या पिवळ्या डोक्यावरनं हात फिरवला. "आपे करतीय ते होऊ दे. पण आजोबांना माधवनगरला नेऊन काय करणार? आमच्या दोन खोल्यांत ते आठवड्यात आजारी पडतील."

"सून बी गेली का तिकडं!" तात्या म्हणाले.

अपेक्षानं तेवढ्यात धीर गोळा केला. "आप्पा, चराईचं मी चुकले. पण बांधाला तुमी न्हाई का म्हंता? बांध तर चांगलाच की."

पाच दिवसांत पहिल्यांदा आप्पा तिच्याशी बोलले. तीनच शब्द.

"बांध फुटतोय, बाय."

ताटावरून उठले, हात धुतले आणि काठी घेऊन मेंढरांच्या वाड्याकडं चालू लागले.

मग धोंडुबाई बोलली. आजी पंगतीत बसली नव्हती. उंबऱ्यावर बसून सुपारी कातरत होती. "बाहत्तरच्या दुष्काळात त्येच ओघळीवर बांध घातला हुता," ती म्हणाली. "मी नवी नवरी. मी आन् हिच्या मैतरणीची आजी, येसूबाई, एकाच पाळीत माती वढायचो. मुकादमाला घाई. कोरडी माती नुसती वताय लावली. तुजा पणजा बिरदेव वरडून सांगायचा, आरं धुम्मस आना, माती दाबा, पानी मारा. मुकादम म्हनला, म्हाताऱ्या, पाऊस दाबंल की."

"मग?"

"मग पावसानं दाबली." आजीनं अडकित्ता मिटला. "बांध फुटला. खालच्या अंगाला वाघर लावून कोकरं कोंडली हुती. तेवीस. राखनीला तुजा आजा. एकुणीस वरसाचा हुता. दोन कोकरं काखंत धरून वर आला, बाकीची गेली. मामंजी त्येला काय सुदीक बोललं न्हाईत. पर त्या दिसापास्नं ह्या घरात बांधाचं नाव कुनी काढलं न्हाई. तू काढलंस. माईकवर."

तात्यांनासुद्धा हे ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. चाळिशी ओलांडलेला तो माणूस नळीचं हाड ताटात फिरवत बसला.

ऊन कलल्यावर अपेक्षा आणि प्रियदर्शनी खोरं घेऊन गायरानावर गेल्या. मेंढरांनी तुडवलेला ढीग निदान सारखा करून ठेवावा, एवढाच विचार.

"सही न्हाई मिळाली म्हणजे?" प्रियदर्शनी विचारत होती. "मिळत होती आणि तूच नको म्हणालीस?"

"व्हय."

"धन्य हाईस." तिनं पुढच्या पावलाला मातीत पाय घातला, तो घोट्यापर्यंत गेला. "बघ ना कसा भुसभुशीत झालाय हा ढीग. तुझ्या आजोबांच्या मेंढरांनी वाटच लावली."

"वाट लावली ती हिकडच्या बाजूला." अपेक्षानं खोरं उचललं आणि जिथं 'जलरक्षक' लिहिलं होतं तिथं मारलं.

ठण्ण!

खोरं उडालं. तिच्या मनगटाला झिणझिण्या आल्या.

"दगड हाय वाटतं," प्रियदर्शनी म्हणाली.

अपेक्षानं दुसरीकडं मारलं. ठण्ण! तिनं बसून हातानं माती चाचपली. काल जो ढीग तिच्या मांडीएवढा उंच होता तो इथं गुडघ्याखाली बसला होता आणि खळं केल्यासारखा कडक झाला होता. वरून पाहिलं तर नुसत्या खुरांच्या खुणा, एकावर एक, एकावर एक, सुईनं गोधडी शिवावी तशा. जिथं भरड नव्हती तिथं मेंढरं गेलीच नव्हती. तिथली माती अजून भुसभुशीत.

"ती पाण्याची बाटली दे."

"प्यायला एवढीच हाय!"

"दे गं!"

अपेक्षानं भुसभुशीत भागावर बोटानं खळगा केला आणि त्यात पाणी ओतलं. मातीनं ते तिथंच पिऊन टाकलं. मग खुरांच्या भागात खोऱ्याच्या टोकानं कसाबसा खळगा पाडला आणि उरलेलं पाणी ओतलं. पाणी उभं राहिलं. दोघी गुडघ्यावर बसून बघत राहिल्या. एक मिनिट झालं, दोन झाली, पाण्यात आभाळ दिसायला लागलं, तरी पाणी आपलं उभंच.

"प्रिया," अपेक्षा म्हणाली. "बांध फुटतोय कारण कुनी तुडवत न्हाई."

"हां."

"आन् आपल्याकडं दोनशे ऐंशी खुरं हाईत!"

ती उठली आणि पळायच्या बेतात असताना प्रियदर्शनीनं तिची वेणी धरली. अगदी खेचून धरली.

"थांब. कुठं निघालीस?"

"आप्पांना सांगाय!"

"परत सांगणार? त्या दिवशी पण तू सांगितलंस. विचारलं नाहीस." प्रियदर्शनीनं वेणी सोडली नाही. "आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची असली की माझे बाबा तुझ्या आप्पांकडं कसे जातात, बघितलंस कधी?"

अपेक्षानं खोरं टेकवलं. तिनं नव्हतं बघितलं. तिच्या घरची मेंढरं लोकांच्या रानात बसायला जात, लेंडीखत पडे, त्याबद्दल धान्य घरी येई, एवढं तिला ठाऊक. पण बोलवायला आलेला माणूस काय करतो, हे बोलवणाऱ्याच्या घरातल्या पोरीला ठाऊक.

"नारळ न्यायचा," प्रियदर्शनी म्हणाली. "एक पायली जोंधळा न्यायचा. वाड्याच्या बाहेर उभं राहायचं, आत पाय टाकायचा नाही. म्हणायचं, आमच्या रानात बसता का? मग आप्पा खांद्यावरची घोंगडी टाकतात. घोंगडी टाकली म्हणजे बसून बोलायचं. नाही टाकली, तर नारळ घेऊन मुकाट्यानं परत यायचं. बाबा एकदा असे परत आलेत."

"आन् माझ्यासाठी न्हाई टाकली तर?"

"तर परत यायचं. घरच्या अंगणात त्यांना कोण काय विचारतंय, सांगतंय ते वेगळं. वाड्यावर ते धनी हाईत."

सूर्य डोंगराच्या हातभर वर असताना अपेक्षा वाड्यापाशी उभी राहिली. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात जोंधळ्याची पायली. तिच्यामागं प्रियदर्शनी. तिच्यामागं, बातमी फुटल्यामुळं, राजवर्धनला कडेवर घेतलेली पल्लवीवहिनी, आई, सुपारी चघळणारी आजी आणि काय तमाशा चाललाय ते बघायला तात्या.

आप्पा वाघरीचं जाळं शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली. नारळ बघितला. पायली बघितली. ही पायली आपल्याच घरातली, हे त्यांनी ओळखलं असणार. तिच्या कडेला चीर होती.

अपेक्षाला वाटलं होतं, सगळं घडाघडा बोलून टाकावं. खुरं, खळगा, पाणी, दोनशे ऐंशी. जीभ सळसळत होती. तिनं ती दातांत धरली.

"आप्पा," ती म्हणाली, "आमच्या बांधावर मेंढरं बसवता का?"

एक मेंढरू खोकलं. आप्पांनी सुई जाळ्यात टोचून ठेवली.

"बांधावर?"

"व्हय."

"खतासाठी?"

"न्हाई. तुडवायला."

आप्पा उठले. खांद्यावरच्या घोंगडीला त्यांनी हात लावला. पण त्यांनी ती नुसती सारखी केली, काठी घेतली आणि तिच्या बाजूनं निघून गेले. चढावर. तात्या कुजबुजले, "झालं. परत फिर आता." पण आजीनं कोपरानं त्यांना ढोसलं, "गप ऱ्हा रं जरा."

सगळी वरात आप्पांच्या मागं गेली. ढिगापाशी ते थांबले. काठीचं टोक भुसभुशीत भागात घातलं, ते हातभर गेलं. काढलं. खुरांच्या भागात घातलं, गेलं नाही. टाच मारली. खळग्यातलं पाणी अजून निम्मं उरलं होतं आणि त्यात एक मुंगी पोहत होती. आप्पा गुडघे धरत खाली बसले आणि त्यांनी त्या पाण्यात बोट बुडवलं. कितीतरी वेळ बोट तसंच.

"बांध घालताना मेंढरं तितंच हुती," ते म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही. "बांधाच्या खालच्या अंगाला. सव्वाशे. वर घ्यायची, एवढं कुनाला सुचलं न्हाई. माज्या बापाला न्हाई, मला न्हाई."

आजी पुढं झाली नाही, पण तिनं पदर तोंडाला लावला.

आप्पांनी बोट काढलं, धोतराला पुसलं. मग खांद्यावरची घोंगडी काढली, एकदा झटकली आणि तिथंच, ढिगाच्या पायथ्याशी, अंथरली.

"बस," ते अपेक्षाला म्हणाले. "मैतरणीला बी बसव."

अपेक्षा बसली. प्रियदर्शनी बसली. आप्पा समोर बसले आणि त्यांचा आवाज बदलला. हा आवाज अपेक्षानं कधी ऐकला नव्हता. गावोगावचे शेतकरी ऐकत असतील तो हा आवाज.

"थर केवड्याचा टाकनार?"

"फूटभर. पुस्तिकेत..."

"पुस्तिकंला पाय न्हाईत. वीतभर. वीतभर माती, वर पानी शिपडायचं, मग मेंढरं. ती निघाली की परत वीतभर. सांडवा कुटं काढला?"

"सांडवा..." अपेक्षानं प्रियदर्शनीकडं पाहिलं.

"डाव्या अंगाला, आजोबा," प्रियदर्शनी म्हणाली. "तिथं खडक लागतोय. जास्तीचं पाणी तिकडनं जाईल."

"हुशार हाय येसूची नात." आप्पांनी मान हलवली. "आन् चराई? शंभर टक्के?"

अपेक्षानं खाली मान घातली. "मी वाचून बोलले, आप्पा. इचारलं न्हाई. माईक हातात आला न्..."

"माळ उघडा हाय, ते खरं हाय. माज्या बापाच्या येळचं गवत आता न्हाई. ते बी मेंढरांनीच खाल्लं, मी खोटं कशाला बोलू?" आप्पांनी काठीनं मातीत एक मोठा गोल काढला आणि त्याचे तीन भाग केले. "ह्यो येक वाटा दोन पावसाळं बंद. तितं पाय न्हाई. ह्या दोन वाट्यांत मेंढरं फिरत्याली. मग ह्यो उघडायचा, त्यो मिटायचा. बंद वाट्याची राखन मी करनार. मेंढराची खोड मेंढक्याला ठावं. तुजं गाव कुनाला ठेवनार हाय राखनीला? ऋषिराजला? त्यो मोटारसायकल सांभाळंल का माळ?"

अपेक्षाला हसू फुटलं. रडूही. "हे तुमीच सांगा उद्या ग्रामपंचायतीत. सरपंचबाईंम्होरं."

"मला न्हाई येत बोलाय."

"मी माईक धरते."

"धर," आप्पा म्हणाले. "तू धरायचा, मी बोलनार. उलटं न्हाई."

"आन् मग बाजाराचं?" मागून तात्यांनी विचारलं. आवाजात दुपारचा जोर नव्हता.

"जा की बाजाराला," आप्पा न वळता म्हणाले. "येताना भरड आन. चार पोती लागंल."

सगळ्यांत मोठ्यानं आई हसली. तात्या क्षणभर उभे राहिले, मग त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, पडलेलं खोरं उचललं आणि ढिगाच्या भुसभुशीत भागाकडं जाऊन म्हणाले, "वीतभर म्हंजे कुनाच्या वितीनं, आप्पा? तुमच्या का माज्या?"

"बिरदेवाच्या," आजी म्हणाली. "माप घरात हाय. तुज्याच हाताची वीत तसली हाय, बघ."

तात्यांनी स्वतःच्या पंजाकडं असं पाहिलं, जणू तो आत्ताच कुणी त्यांच्या मनगटाला लावून दिला होता.

मग कामच सुरू झालं. मंगळवारची वाट कोण बघतंय! तात्या आणि आईनं माती वीतभर पसरली. पल्लवीवहिनीनं राजवर्धनला आजीकडं दिलं आणि घरून पिण्याची घागर आणून पाणी शिंपडलं. प्रियदर्शनी पळत जाऊन पोरांना बोलवून आली. आप्पांनी दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली आणि खालून सत्तर मेंढरं चढ चढून आली, पुढं ते काळं कोकरू, सकाळच्या चवीची आठवण ठेवून उड्या मारत.

अपेक्षानं घरून भरडीचं घमेलं आणलं. या खेपेला चोरून नाही. नव्या मातीच्या थरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ती भरडीची रेघ ओढत चालली. मागं मेंढरं येत होती, रेघ खात होती, माती दाबत होती. तिनं मागं वळून पाहिलं तर रेघ नव्हती, नुसती खुरंच खुरं.

"आपे," खालून आप्पांनी हाक मारली.

"काय आप्पा?"

"रेघ बारीक झाली गं. अजून टाक."

तिनं मूठ भरून घेतली.